निवडून न येणाऱ्याचा पक्ष

नागरिकशास्त्राच्या तासाला परदेशांच्या राज्यपद्धतीचा विषय निघाला म्हणजे आमच्या वर्गांतील मुलें एरव्हीपेक्षां अधिक जागीं असतात, असा आमचा अनुभव आहे. मागें अशाच एका तासाला अमेरिकेच्या अध्यक्षाची निवड कशी होते हें आम्ही समजावून देत असतां मागल्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, जो निवडून येणार नाहीं हें सर्वांना ठाऊक आहे, त्याच्या मागें हजारों लोक कां लागतात? त्यांना गणित येत नाहीं काय?" वर्ग हंसला. आम्हीही हंसलों, परंतु तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलींत येऊन बसलों, तेव्हां तो प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता असें आम्हांस वाटूं लागलें. आम्हीं दिलेल्या उत्तरानें त्या मुलाचें समाधान झालें नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नव्हतें. म्हणून तें उत्तर येथें सविस्तर लिहून पाहण्याचा विचार आहे. पालकांनींही तें वाचावें अशी विनंति आहे. कारण मुलांना घरीं या प्रश्नाचें जें उत्तर मिळतें, तें आमच्या उत्तराहून निराळें असण्याचा बराच संभव आहे.

प्रथम ती व्यवस्था थोडक्यांत सांगितली पाहिजे. त्या देशांत अध्यक्षाची मुख्य निवडणूक दर चार वर्षांनीं नोव्हेंबर महिन्यांत होते, हें बहुतेकांस माहीत असतें. तिच्या आधीं कित्येक महिने दुसरी एक निवडणूक चालते, तिची माहिती थोड्यांस असते. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन हे तेथील दोन मोठे पक्ष. आपल्या पक्षातर्फे अध्यक्षपदासाठीं कोणी उभें राहावयाचें, हें ठरविण्याकरितां राज्याराज्यांत त्या त्या पक्षाचे मतदार आधीं मत देतात. या निवडणुकीस प्रायमरी, म्हणजे प्राथमिक निवडणूक, असें नांव आहे. कांहीं राज्यांत मतपेटीऐवजीं गांवोगांव सभा भरतात. त्यांना कॉकस म्हणतात. या मतांवरून प्रत्येक राज्याचे प्रतिनिधि ठरतात, ते उन्हाळ्यांत पक्षाच्या अधिवेशनास जमतात, आणि ज्याच्या बाजूस निम्म्याहून अधिक प्रतिनिधि तो पक्षाचा उमेदवार. सगळीं राज्यें एकाच दिवशीं मत देत नाहींत, ही या पद्धतींतील खरी गंमत आहे. वर्षाच्या आरंभीं एकदोन लहान राज्यें बोलतात. मग बाकीचीं राज्यें त्यांच्याकडे पाहून बोलतात. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर हीं राज्यें लोकसंख्येनें अगदींच लहान. पण अनेक दशकें पहिल्या पंगतीचा मान त्यांना मिळत आल्यामुळें तेथें कोणाच्या पानावर काय वाढलें गेलें, याकडे सगळ्या देशाचे डोळे लागून राहत.

ही पद्धत फार जुनी नाहीं. पक्षांतील धुरीण बंद खोलींत बसून उमेदवार ठरवितात अशी ओरड वाढली, तेव्हां विसाव्या शतकाच्या आरंभीं ती सुरू झाली. ती सुरू झाली म्हणून धुरीणांची सत्ता गेली असें मात्र नव्हे. १९१२ सालीं माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं रिपब्लिकन पक्षाच्या ९ प्राथमिक निवडणुकी जिंकल्या. तरी शिकागोच्या अधिवेशनांत उमेदवारी मिळाली ती त्या वेळचे अध्यक्ष टाफ्ट यांना, कारण पुष्कळ राज्यांतील प्रतिनिधि पक्षाच्या यंत्रणेच्या मुठींत होते. रूझवेल्ट रागावून बाहेर पडले, त्यांनीं नवा पक्ष काढला, आणि दोघांच्या भांडणांत विल्सन निवडून आले. असो.

आतां उपऱ्या उमेदवाराकडे वळूं. उपरा म्हणजे परक्या देशाचा नव्हे. ज्याला पक्षांतील वजनदार मंडळी आपला मानीत नाहींत, ज्याच्या मतांना वर्तमानपत्रें चार ओळींपलीकडे जागा देत नाहींत, आणि तरीही जो उभा राहतो, तो उपरा. अशा माणसाच्या पाठीराख्यांत जो वाद चालतो तो विरोधकांशीं चालणाऱ्या वादापेक्षांही तीव्र असतो. एक म्हणतो, आपला माणूस निश्चित येणार, आंकडे पाहा. दुसरा म्हणतो, येणार नाहीं हें मलाही दिसतें, पण त्याचा विचार तरी चार माणसांच्या कानीं पडेल. तिसरा हळूच म्हणतो, बाबांनो, मला तो आवडतो, पण मत वाया कशाला घालवूं? समोरच्या दोघांपैकीं त्यांतल्या त्यांत बऱ्याला देतों. हे तिघेही एकाच सभेला आलेले असतात आणि एकाच वर्गणीच्या यादींत त्यांचीं नांवें असतात.

या वादाचा उत्तम नमुना म्हणून डॉक्टर रॉन पॉल यांच्या पाठीराख्यांकडे बोट दाखवितां येईल. हे गृहस्थ टेक्सास राज्यांतील प्रसूतितज्ज्ञ. चार हजारांहून अधिक बालकांना त्यांनीं या जगांत आणलें. पुढें ते काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहांत निवडून गेले आणि तेथें पुष्कळदां एकटेच विरोधी मत देत, म्हणून त्यांना 'डॉक्टर नाहीं' असें नांव पडलें. २००२ सालीं इराकवरील युद्धाला अनुमति देण्याचा ठराव आला, तेव्हां त्यांच्या पक्षाच्या ज्या सहा सभासदांनीं त्या सभागृहांत विरोध केला त्यांत हे एक होते. परक्या देशांत सैन्य ठेवूं नये, मध्यवर्ती बँकेच्या हातीं नोटा छापण्याची सत्ता नसावी, सरकारनें थोडकेंच काम करावें, अशीं त्यांचीं मतें. त्यांतील कांहीं आम्हांस पटतात, कांहीं मुळींच पटत नाहींत; पण येथें तो प्रश्न नाहीं. १९८८ सालीं एका लहान पक्षातर्फे ते अध्यक्षपदासाठीं उभे राहून हरले होते. २००८ सालच्या निवडणुकीसाठीं ते रिपब्लिकन पक्षांत उभे राहिले, तेव्हां त्यांना कोणी गंभीरपणें घेतलें नाहीं. मग १६ डिसेंबर २००७ रोजीं, म्हणजे १७७३ सालीं बोस्टनच्या बंदरांत चहाच्या पेट्या बुडविल्या त्याच तिथीला, त्यांच्या पाठीराख्यांनीं आपण होऊन एका दिवसांत सुमारें ६० लाख डॉलर वर्गणी गोळा केली. वर्तमानपत्रें चकित झालीं. पाठीराख्यांच्या मनांतल्या मांड्यांना तर सीमाच राहिली नाहीं. पण पैसा आला म्हणून मतें येतातच असें नाहीं. त्या खेपेस पक्षाच्या साऱ्या प्राथमिक मतांपैकीं शेंकडा ५–६ मतें त्यांना पडलीं.

२०१२ सालीं ते शहात्तर वर्षांच्या वयांत पुन्हां उभे राहिले, आणि या वेळीं पाठीराख्यांनीं गणित निराळ्या रीतीनें मांडलें. आयोवामध्यें ३ जानेवारीस सभा भरल्या. लोकांनीं चिठ्ठीवर नांव लिहिलें आणि ते थंडींतून घरीं गेले. रात्रीं बातमी आली कीं रॉम्नी ८ मतांनीं पुढें आहेत. पुढें मोजणी पुरी झाली तेव्हां सँटोरम हेच ३४ मतांनीं पुढें ठरले. पॉल तिसरे, त्यांना शेंकडा २१ मतें. पण त्या चिठ्ठ्यांनीं प्रतिनिधि बांधले जात नव्हते. प्रतिनिधि निवडण्याचें काम चिठ्ठ्या संपल्यावर त्याच खोलींत सुरू होत असे, आणि त्या कामाला पॉल यांचीं माणसें न कंटाळतां बसून राहत. तालुक्याच्या सभेंत, मग जिल्ह्याच्या, मग राज्याच्या, अशी पायरीपायरीनें तीं चढत गेलीं. ऑगस्टमध्यें फ्लोरिडांतील टँपा येथें पक्षाचें अधिवेशन भरलें तेव्हां आयोवाच्या २८ प्रतिनिधींपैकीं २२ जणांनीं पॉल यांना मत दिलें! ज्याला लोकांचीं एकपंचमांश मतें, त्याला प्रतिनिधींचीं तीनचतुर्थांशांहून अधिक.

पाठीराखे म्हणत, हें नियमांत बसतें. बसत होतेंच. ज्यांना बसून राहण्याचा कंटाळा आला त्यांनीं मग तक्रार करूं नये, हेंही त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. आमच्याकडे सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांना शेवटपर्यंत कोण बसतो आणि ठराव कोण पास करून घेतो, हें पालकांपैकीं अनेकांना ठाऊक असेल. परंतु ज्या चळवळीचा सगळा डोलारा 'सामान्य मतदाराचें कोणी ऐकत नाहीं' या तक्रारीवर उभा, तिनेंच आयोवाच्या मतदाराचें ऐकूं नये, हें आम्हांस विपरीत वाटतें. आणि टँपाला दैवानें त्यांना त्यांचेंच औषध पाजलें. मेन राज्याच्या त्यांच्या प्रतिनिधींपैकीं कांहींना काढून तेथें दुसरे बसविण्यांत आले. उमेदवाराचें नांव पुढें येण्यासाठीं पूर्वीं पांच राज्यांचा पाठिंबा लागत असे, त्याऐवजीं आठ राज्यांच्या बहुमताची अट घालण्यांत आली. आणि मतें वाचतांना व्यासपीठावरून केवळ रॉम्नी यांचेच आंकडे उच्चारण्यांत आले. तेव्हां पॉल यांचीं माणसें ओरडूं लागलीं कीं नियम हा कांहीं न्याय नव्हे. हें त्यांना आयोवांतच कळावयास हवें होतें. शेवटीं त्यांच्या पदरीं १९० मतें पडलीं, रॉम्नी यांना दोन हजारांहून अधिक. पॉल यांनीं रॉम्नींना पाठिंबा दिला नाहीं. त्यांच्या सिनेटर पुत्रानें मात्र जूनमध्येंच देऊन टाकला होता, आणि त्याबद्दल त्याला वडिलांच्या भक्तांकडून जी बोलणीं खावीं लागलीं तीं विरोधकांच्या वांट्यालाही आलीं नसतील.

आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न येथें पुन्हां पुढें येतो. या लोकांना गणित येत नव्हतें काय? आमचें उत्तर असें कीं त्यांना गणित फार चांगलें येत होतें, पण उत्तर आधीं ठरवून मग तीं मांडणी चालली होती. अमुक राज्यांत इतके प्रतिनिधि, तमुक राज्यांत तितके, मग अधिवेशनांत पहिल्या फेरींत कोणालाच बहुमत नाहीं, मग दुसऱ्या फेरींत सगळे आपल्याकडे. अशीं कोष्टकें मे महिन्यापर्यंत चालू होतीं. ज्या कार्यकर्त्यानें 'बाबांनो, हें होणार नाहीं' म्हटलें त्याला फितूर ठरविण्यांत आलें. उपऱ्या उमेदवाराचें खरें नुकसान त्याला नावें ठेवणारे करीत नाहींत. जे पाठीराखे इतर पाठीराख्यांना खोटी आशा विकतात ते करतात. एका तरुणानें नोकरी सोडून सहा महिने दारोदार फिरावयाचें तर त्याला खरा आंकडा सांगितला पाहिजे. तो आंकडा ऐकूनही जो फिरेल, त्याच्या फिरण्याला किंमत आहे.

परंतु उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीं तर शहाणपणा मिरवणाऱ्यांचें फावेल. 'हा येणार नाहीं' असें ज्यांच्याविषयीं छातीठोकपणें सांगितलें गेलें त्यांपैकीं कांहीं आले आहेत. जिमी कार्टर हे जॉर्जियाचे गव्हर्नर. १९७४ च्या डिसेंबरांत त्यांनीं उमेदवारी जाहीर केली तेव्हां हे कोण, असा प्रश्न विचारला गेला. १९७६ सालीं आयोवांत त्यांच्यापेक्षां अधिक मतें 'कोणीच ठरविला नाहीं' या रकान्याला पडलीं होतीं; तरी जे उमेदवार होते त्यांत कार्टर पहिले आले, एवढ्यावर त्यांचें नांव देशभर झालें, आणि वर्षअखेरीस ते अध्यक्ष निवडले गेले. २०१६ सालीं डॉनल्ड ट्रंप यांनीं पूर्वीं एकही सार्वजनिक पद भूषविलें नव्हतें आणि त्यांना हंसण्यांत मोठमोठे पंडित सामील होते. रिपब्लिकन पक्षांत त्या वेळीं सतरा प्रमुख उमेदवार उभे होते. दक्षिण कॅरोलायनामध्यें ट्रंप यांना शेंकडा ३२–३३ मतें पडलीं, म्हणजे तीनांपैकीं दोघांनीं त्यांना मत दिलें नाहीं. पण तेथील नियमानें राज्याचे ५० च्या ५० प्रतिनिधि त्यांना मिळाले. पंडितांनीं उमेदवार पाहिला, नियम पाहिला नाहीं. ज्या विद्यार्थ्यांना अंकगणिताचा कंटाळा आहे त्यांनीं हें उदाहरण वहींत उतरून ठेवावें.

आपल्या भाषेच्या वाचकांना जवळचें असें एक लहान उदाहरण येथेंच देतों, जरी तें अध्यक्षपदाचें नाहीं. चिकोडींत जन्मलेले आणि बेळगांवांत वाढलेले श्री ठाणेदार यांचें 'ही श्रीची इच्छा' हें आत्मचरित्र पुष्कळ घरांत असेल. २०१८ सालीं ते मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठीं डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकींत उभे राहिले. पदरचा पैसा पुष्कळ खर्च केला, आणि शेंकडा १८ च्या आंत मतें मिळून ते तिसरे आले. २०२२ सालीं डेट्रॉइटच्या बाजूच्या मतदारसंघांत काँग्रेससाठीं त्याच पक्षाची प्राथमिक निवडणूक त्यांनीं जिंकली, ती शेंकडा सुमारें २८ मतांनीं, कारण उमेदवारांची गर्दी होती; आणि नोव्हेंबरांत ते निवडून गेले. १८ नीं पराभव आणि २८ नीं विजय, यांत माणूस तोच.

कार्टर आणि ट्रंप यांचीं नांवें घेऊन उपऱ्याचे पाठीराखे म्हणतात, पाहा, असें घडतें! घडतें खरें. पण जे आले त्यांचीं नांवें आपल्या तोंडीं राहतात. जे आले नाहींत त्यांची यादी कोणी ठेवीत नाहीं. सोडतींत ज्याला बक्षीस लागलें त्याचेंच छायाचित्र छापून येतें, तिकिटें घेतलेल्या सर्वांचीं येत नाहींत.

आपल्या देशांत ही पद्धत नाहीं. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वीं काँग्रेस पक्षानें थोड्या मतदारसंघांत असा प्रयोग करून पाहिला होता, पण तो रुजला नाहीं. तिकीट वरून येतें आणि कार्यकर्ते खालीं सतरंज्या घालतात. तथापि 'मत वाया घालवूं नये' हें वचन मात्र आपल्याकडे घराघरांत आहे, आणि आम्हीही तें पाळलें आहे. हें सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो. परंतु विद्यार्थ्याला अर्धवट उत्तर देऊन चालणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या प्रभागांत नगरपालिकेच्या निवडणुकीला तीन उमेदवार उभे होते. त्यांतील एक निवृत्त गृहस्थ पावसाळ्यांत रात्रीं हातांत विजेरी घेऊन तुंबलेलें गटार स्वतः पाहावयास जाणारे. पाठीशीं पक्ष नाहीं, पैसा नाहीं. सर्व म्हणत, माणूस सोन्यासारखा, पण येणार नाहीं. दुसरा बरा होता. तिसऱ्याचें आम्हांस भय वाटत होतें. म्हणून तिसरा येऊं नये यासाठीं आम्हीं दुसऱ्याला मत दिलें आणि आपण मोठें धोरण केलें असें समजून घरीं आलों. निकाल लागला. ज्याच्या भयानें हें केलें तो तिसरा अनामत रक्कमही गमावून बसला, दुसरा निवडून आला, आणि ते निवृत्त गृहस्थ थोडक्या मतांनीं पडले. त्या संध्याकाळीं गल्लींत बोलतां बोलतां आमच्यासारखेच धोरणी सात जण निघाले. आमच्या एका गल्लींत सात, तर प्रभागांत किती असतील याचा हिशेब आम्हीं मनांत केला आणि मग करावयाचा सोडून दिला. पुढें ते गृहस्थ रस्त्यांत भेटत, नमस्कार करीत, मुलांची चौकशी करीत. त्यांच्याकडे सरळ पाहण्यास आम्हांस बरेच दिवस लागले.

उगवत्या सूर्याला सगळेच नमस्कार करतात. पण निवडणुकींतील सूर्य नमस्कारांमुळेंच उगवतो, ही गोष्ट आम्ही विसरलों होतों. 'तो येणार नाहीं' हें आम्हीं दुसऱ्याकडून ऐकलें, त्यानें तिसऱ्याकडून, आणि त्या तिसऱ्यानें बहुधा आमच्याकडूनच. प्राथमिक निवडणुकींत तर हें अधिकच खरें आहे. २०१६ सालीं व्हरमाँटचे बर्नी सँडर्स यांनीं न्यू हॅम्पशायरमध्यें शेंकडा ६० मतें मिळवून हिलरी क्लिंटन यांना हरविलें. पण डेमोक्रॅटिक पक्षांत सातशेंहून अधिक पदसिद्ध प्रतिनिधि असत, ज्यांना कोणाही मतदारानें बांधलेलें नव्हतें, आणि त्यांतील बहुतेक आधींच क्लिंटन यांच्या बाजूस गेले होते. वर्तमानपत्रें दोन्ही बेरजा एकत्र छापीत. ज्या राज्याचें मतदान अजून व्हावयाचें होतें तेथील मतदार ती बेरीज वाचून म्हणे, आतां काय उपयोग? सँडर्स हरले ते केवळ यामुळें असें आम्ही म्हणणार नाहीं. क्लिंटन यांना प्रत्यक्ष मतदारांचीं मतेंही कितीतरी अधिक होतीं, हें त्यांच्या भक्तांनीं कबूल करावें. परंतु २०१८ सालीं पक्षानेंच नियम बदलून, निकाल आधींच निश्चित नसेल तर त्या प्रतिनिधींनीं पहिल्या फेरींत मत देऊं नये असें ठरविलें, त्या अर्थीं तक्रारींत कांहीं तथ्य होतें.

आतां ज्या निवडणुकीनें आम्हांस स्वतःला पुष्कळ विचार करावयास लावलें ती सांगतों. सन १९६७. व्हिएतनामचें युद्ध चालू होतें आणि अध्यक्ष होते लिंडन जॉन्सन, डेमोक्रॅटिक पक्षाचे. त्यांच्याच पक्षांतील युद्धविरोधी मंडळी कोणी तरी उभें राहावें म्हणून दारोदार फिरत होती. रॉबर्ट केनेडी यांनीं प्रथम नकार दिला. मिनेसोटाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनीं ३० नोव्हेंबर १९६७ रोजीं होकार दिला. सिनेटर असलेल्या माणसाला उपरा म्हणावें कीं नाहीं असा आक्षेप कोणी घेईल. पण स्वपक्षाच्या गादीवरील अध्यक्षाविरुद्ध उभा राहणारा हा आपल्याच घरांत उपरा होतो. गंभीर, काव्य लिहिणारा, सभेंत आवाज न चढविणारा असा हा गृहस्थ. त्याचें कांहीं चालेल असें फारच थोड्यांना वाटत होतें.

न्यू हॅम्पशायरच्या बर्फांत त्याच्यासाठीं फिरावयास आले ते विद्यार्थी. महाविद्यालयांतून शनिवार-रविवार गाड्या भरून ते येत. त्या काळीं तरुणांत केस आणि दाढी वाढविण्याची चाल होती, आणि तेथील शेतकरी, गिरणी-कामगार, म्हाताऱ्या बायका दार उघडून असा अवतार पाहिल्यावर पुन्हां लावून घेणार हें उघड होतें. म्हणून या मुलांनीं केस कापले, दाढ्या उतरविल्या, मुलींनीं लांब झगे घातले, आणि मगच दारें ठोठावलीं. ज्यांना केस कापणें जिवावर आलें त्यांना तळघरांत पाकिटें चिकटवावयास बसवीत, असें सांगतात. आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें थोडें थांबावें. सभांतून घोषणा देणें सोपें असतें. ज्याचें मत वळवावयाचें त्याच्या उंबरठ्यावर त्याला आवडेल अशा वेषांत उभें राहून त्याचें म्हणणें आधीं ऐकून घेणें, हें त्या मुलांनीं केलें. जॉन्सन यांच्या बाजूच्या लोकांनीं काय केलें? अनुक्रमांक घातलेल्या प्रतिज्ञापत्रिका वांटल्या, जेणेंकरून कोणी शब्द दिला आणि कोणी नाहीं याची नोंद राहावी. स्वाभिमानी लोकांना ती गोष्ट रुचली नाहीं.

१२ मार्च १९६८ रोजीं मतदान झालें. जॉन्सन यांचें नांव मतपत्रिकेवर नव्हतें. लोकांनीं तें हातानें लिहावयाचें होतें. त्यांना शेंकडा ४९·६ मतें पडलीं, मॅकार्थी यांना ४१·९. म्हणजे मॅकार्थी हरले. आणि तरी दुसऱ्या दिवशीं सगळ्या देशानें त्यांनाच विजयी मानलें, कारण एवढीं मतें त्यांना पडतील असें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. शिवाय जॉन्सन यांच्या बाजूनें जागांपेक्षां अधिक माणसें उभीं राहून मतें फुटल्यामुळें राज्याच्या २४ प्रतिनिधींपैकीं २० मॅकार्थी यांचे आले. चार दिवसांनीं केनेडी रिंगणांत उतरले. ३१ मार्चच्या रात्रीं जॉन्सन यांनीं आपण पुन्हां उभे राहणार नाहीं असें जाहीर केलें. साडेतीन महिन्यांपूर्वीं ज्याला कोणी विचारीत नव्हतें अशा माणसाच्या शेंकडा ४२ मतांनीं काय घडविलें तें पाहा!

येथें थांबलों असतों तर कथा गोड झाली असती. परंतु नंतर झालेल्या पाहणींत असें आढळलें कीं त्या ४२ टक्क्यांतील पुष्कळ मतदारांना युद्ध थांबावयास नको होतें. जॉन्सन युद्ध जोरानें लढत नाहींत म्हणून ते चिडले होते! दाढ्या उतरविलेल्या मुलांनीं ज्यांना आपले समजलें, त्यांतील बरेच त्यांचे नव्हतेच. पाठीराख्यांच्या वादांत 'आपल्याला इतकीं मतें पडलीं' असें जो तो म्हणतो. तीं कशासाठीं पडलीं, हें विचारण्याचें धैर्य थोड्यांना असतें.

मग केनेडी आणि मॅकार्थी यांचे पाठीराखे एकमेकांशीं भांडूं लागले. एकांचें म्हणणें, धोका पत्करून आधीं उभा राहिला तो आमचा. दुसऱ्यांचें म्हणणें, जिंकूं शकेल तो आमचा. ऑरेगॉनमध्यें मॅकार्थी जिंकले, कॅलिफोर्नियांत केनेडी. कॅलिफोर्नियाच्या विजयाच्याच रात्रीं केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ६ जून १९६८ रोजीं त्यांचा मृत्यु झाला. ऑगस्टमध्यें शिकागोला अधिवेशन भरलें. बाहेर रस्त्यांत पोलीस आणि तरुण यांची झटापट चालली होती, आंत मतमोजणी चालली होती. उमेदवारी मिळाली उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांना, ज्यांनीं एकही प्राथमिक निवडणूक लढविली नव्हती. त्यांना सतराशेंहून अधिक मतें, मॅकार्थी यांना सुमारें सहाशें. १९१२ ची गोष्ट पुन्हां घडली. फरक इतकाच कीं या वेळीं ओरड इतकी झाली कीं पक्षाला नियम बदलण्यासाठीं समिति नेमावी लागली, आणि १९७२ पासून प्राथमिक निवडणुकांना खरें वजन आलें. कार्टर ज्या दारानें आंत आले तें दार असें उघडलें होतें. तें उघडणारा स्वतः मात्र बाहेरच राहिला.

आमच्या विद्यार्थ्याला आम्हीं दुसऱ्या दिवशीं एवढें सांगितलें. तो म्हणाला, "सर, मग त्यांनीं शेवटीं हम्फ्रींना मत दिलें कीं नाहीं?" प्रश्न बिनतोड होता. मॅकार्थी यांनीं हम्फ्री यांना पाठिंबा दिला तो २९ ऑक्टोबरला, मतदानाला आठवडाच उरला असतां, आणि तोही फारशा उत्साहानें नव्हे. त्यांचे कित्येक पाठीराखे तोंवर घरीं बसले होते. नोव्हेंबरांत रिचर्ड निक्सन निवडून आले. साडेसात कोटींच्या आंतबाहेर मतांपैकीं अंतर होतें अवघें पांच लाखांचें, आणि युद्ध त्यानंतरही कित्येक वर्षें चाललें. घरीं बसलेल्या त्या लोकांनीं चूक केली असें आमचें मत आहे. आमच्या विद्यार्थ्याचें तसें नाहीं, आणि आमचा वाद अद्याप चालू आहे.